सरजाबाईचा आड

उंबरझरीची माणसं ताठ, असा रेणापूरच्या बाजारात लौकिक होता. चाळिशी ओलांडली की या गावचा माणूस कुणापुढं मान वाकवत नसे. तलाठ्यापुढं नाही, पुढाऱ्यापुढं नाही, देवापुढंसुद्धा नाही. बायका हसताना तोंडावर पदर घेत. त्यामुळं उंबरझरीची पोर म्हणजे मर्यादेची, असं बाहेरगावचे लोक समजत आणि स्थळं आपणहून चालत येत. लग्नानंतर कधीतरी पदर बाजूला व्हायचा आणि तपकिरी पट्ट्यांचे दात दिसायचे. पण तोवर अक्षता पडलेल्या असत, आणि दातांपायी कुणी बायको परत पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं.

हे सगळं बहात्तर सालानंतरचं.

बहात्तरला दुष्काळ पडला. विहिरींच्या तळाला बेडूकसुद्धा राहिला नाही. गाव रस्त्यावर खडी फोडत होतं आणि सरकारनं दिलेली सुकडी खात होतं. तेव्हा एक सरकारी गाडी आली, महादेवप्पाच्या किराणा दुकानासमोर जमिनीला दोनशे फुटांचं भोक पाडलं, आणि पाणी लागलं. पाणी कोमट होतं, जिभेला जरा जड लागायचं. पण त्या साली पाण्याची चव बघणारा माणूस गावात उरला नव्हता. हापसा बसला. महादेवप्पानं स्वखुशीनं सिमेंट देऊन ओटा बांधला आणि सिमेंट ओलं असतानाच खिळ्यानं त्यावर आपलं नाव काढलं.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई घागर घेऊन आली. ती बौद्धवाड्यातली. कागदावर बौद्धवाडा, गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव होतं.

महादेवप्पा दुकानात बसल्या बसल्या म्हणाला, "काय गं सरजे, इकडं कुठं?"

"पान्याला, आप्पा. सरकारी हापसा हाय म्हनं."

"हाय की. सरकारीच हाय. पर तुमचा वढ्याकाठचा आड हाय न्हवं? उगं हितं गर्दी कशाला?"

आडात त्या दिवशी वाटीनं पाणी भरावं लागत होतं. सरजाबाईनं ते सांगितलं नाही. ती रिकामी घागर तशीच कमरेवर घेऊन परत गेली. कायद्यानं मनाई करायला मनाई होती, त्यामुळं कुणी मनाई केली नाही. फक्त गर्दी नको एवढंच ठरलं, आणि ते चौदा वर्षं टिकलं. वाड्यातल्या माणसांनी खडी फोडून आल्यावर संध्याकाळी आड आणखी सहा हात खोल नेला, आतून दगड लावला. त्याला पाणी फार नव्हतं, पण कधी पुरतं संपलंही नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले गेले. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत टेबलं आली, खुर्च्या उस्मानाबादहून यायच्या होत्या. माणसं टेबलावर बसून काम करायची. अशाच एका कचेरीच्या मागच्या खोलीत पाणी तपासायचं काम चाले आणि तिथं सरजाबाईची धाकटी लेक सिंधु नोकरीला लागली. बहात्तरला ती दहा वर्षांची होती. आता शहाऐंशी साल होतं, आणि पुन्हा दुष्काळ होता.

फेब्रुवारीत सिंधु बाटल्यांची पेटी घेऊन एस्टीतून उतरली आणि आधी शाळेत गेली. पोरं मैदानात दोन ओळींत उभी केली आणि म्हणाली, "ई करा."

पोरांनी ई केलं. काहींचे दात पांढरे होते, बाकीच्यांचे भाजल्या विटेसारखे. सिंधुनं पांढऱ्यांना एका बाजूला काढलं. नरसिंग गुरुजी जवळ येऊन बघू लागले.

"ही सगळी वाड्यातली पोरं की," गुरुजी म्हणाले. "राखुंडीनं घासत असतील."

"आन गावातली?"

"ती... तीबी राखुंडीनंच घासतात." गुरुजींनी दोन्ही बाजूंच्या पोरांकडं बघितलं. मग त्यांनी तोंड मिटलं, कारण त्यांचं घर हापशाजवळ होतं.

सिंधुनं हापशाचं पाणी घेतलं, आडाचं घेतलं, आणि गेली.

महादेवप्पा तेव्हा साठीचा होता. त्याची मान फिरत नसे. मागून कुणी हाक मारली तर तो अख्खा वळायचा, पिंपासारखा. सकाळी पायांना मुंग्या यायच्या. नंतर नंतर मुंग्याही येईनाशा झाल्या. चूल पेटलेली असताना निखारा पायावर पडला तर वास आल्यावर कळायचं. आदल्या वर्षी मुलानं, शिवमूर्तीनं, त्याला नांदेडला एका डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरनं फोटो काढला. फोटोत हाडं खडूसारखी पांढरी दिसत होती.

डॉक्टर म्हणाले, "हाडं फारच दाट झालीत."

महादेवप्पा खूश झाला. वाटेभर तो एस्टीतल्या अनोळखी माणसांना आपली हाडं दाट असल्याचं सांगत होता. पुढचं डॉक्टर शिवमूर्तीला बाहेर नेऊन बोलले होते, आणि शिवमूर्तीनं ते कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी सिंधु कागद घेऊन आली, ती थेट दुकानात. महादेवप्पा गादीवर होता. त्याची बायको नीलम्मा दाराशी ज्वारी निवडत होती. शिवमूर्तीची अडीच वर्षांची पोरगी, गुरम्मा, पितळी पेल्यातून हापशाचं पाणी पीत होती आणि उरलेलं अंगावर सांडत होती.

"आप्पा, हापशाचं पाणी पिऊ नका," सिंधु म्हणाली. "त्यात फ्लोराईड हाय. दीडच्या वर नको असतं. तुमच्यात सव्वापाच निघालं. त्यानंच दात तसे व्हतात, हाडं धरतात."

"चौदा वर्षं प्यालोय. मेलो का?"

"न्हाई मेलात."

"मंग?"

सिंधुनं त्याच्या मानेकडं बघितलं. महादेवप्पाला खाली मान घालून स्वतःकडं बघता येत नव्हतं, म्हणून तो समोर भिंतीकडं बघत राहिला.

नीलम्मा म्हणाली, "मी उकळून देते की पोरीला."

"उकळून ते जात न्हाई, अव्वा. पानी आटतं, ते तसंच ऱ्हातं. उलट दाट व्हतं." सिंधु गुरम्माजवळ बसली आणि बोटानं तिचा ओठ वर केला. "हे दुधाचे दात हायत, हे पडतेल. पक्के दात आता हिरडीत बनायलेत. हाडं बनायलीत. आता जे पाजाल तसे येतेल. सहाव्या वर्षी दिसंल."

"आन माझं?" महादेवप्पानं विचारलं.

"तुमचं झालं ते झालं, आप्पा. बंद केलं तर वाढायचं थांबंल."

"चांगलं पानी कुठं हाय मंग?"

उत्तर त्याला माहीत होतं. विचारायची पद्धत असते म्हणून त्यानं विचारलं.

"आमच्या आडात," सिंधु म्हणाली. "पाऊण बी न्हाई निघालं."

दुसऱ्या आठवड्यात कचेरीचा माणूस आला आणि हापसा लाल रंगवून गेला. लाल म्हणजे पिऊ नका, अशी पाटीही तो लावणार होता. पण पाटी उस्मानाबादहून यायची होती. सोमवारी सकाळी लोकांनी बघितलं तर सरकारनं हापशाला शेंदूर लावलेला. कुणीतरी दांड्याला हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी नारळ फोडला. पूर्वी जी माणसं दोन घागरी न्यायची, ती त्या आठवड्यात चार नेऊ लागली.

ग्रामपंचायतीची सभा भरली. महादेवप्पानं तोडगा मांडला. आडापासून हापशापर्यंत सरकारनं नळ टाकावा, म्हणजे पाणी आडाचंच, पण ते हापशाच्या ओट्यावर पडेल. हा तोडगा सगळ्यांना आवडला. पाणी बदलायला कुणाचीच हरकत नव्हती, फक्त त्याचा पत्ता बदलायला नको होता. ठराव लातूरला गेला. लातूरहून उत्तर आलं की आपल्या गावाचे जुने कागद अद्याप उस्मानाबादला आहेत, तिकडं लिहावं. उस्मानाबादहून उत्तर आलं की आपलं गाव आता आमच्याकडं नाही. ठरावाची दोन कचेऱ्यांशी ओळख झाली, आणि एप्रिल लागला.

शिवमूर्तीनं एक दिवस गड्याला बैलगाडीवर पिंप देऊन आडावर पाठवलं. आडाची वाटणी सरजाबाईकडं होती. गडी पिंप घेऊन जसा गेला तसा आला.

"काय म्हनली ती?" महादेवप्पानं विचारलं.

"म्हनली, पिंप न्हाई. एका घराला दोन घागरी. वाड्याला तेवढंच आन गावालाबी तेवढंच. आन घरातलं सगळ्यात मोठं माणूस लायनीत पाहिजे. गडी न्हाई, पोरं न्हाई."

"मोठं कशाला?"

"म्हनली, पोरं तीन तीन येळा येतात तोंड लपवून. मोठ्या मानसाला दुसऱ्यांदा यायची लाज वाटती."

ही रीत वाड्यात बहात्तरच्या दुष्काळापासून चालत आली होती. महादेवप्पासाठी केलेली नव्हती. तसं असतं तर त्याला रागावता तरी आलं असतं.

महादेवप्पा गेला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गुरम्मा हापशाचं पाणी पीत राहिली. नीलम्मा रोज सकाळी दोन रिकाम्या घागरी घासून दारात ठेवायची. एकदाच बोलली.

"मी पोरीला घेऊन उदगीरला जाते. माझ्या म्हायेरी आता कुनी न्हाई. पर पानी चांगलं हाय."

"आडावर मीच गेलो तर लोक काय म्हनतेल?"

"म्हनतेल, आप्पा पान्याला गेले."

मग ती दुपार आली. दुकानासमोर चार-पाच माणसं हसत होती. महादेवप्पा अख्खा वळला. गुरम्मा ओट्यावर चालत होती. हात अंगाला चिकटवलेले, मान ताठ, पाय गुडघ्यात न वाकवता टाकत होती. कुणीतरी हाक मारली की ती पिंपासारखी अख्खी वळायची.

"आज्याची नक्कल करती!" एक जण म्हणाला. "हुबेहूब!"

महादेवप्पाही हसला. मग लोक पांगले. बघायला कुणी राहिलं नाही, तरी पोरगी तशीच चालत होती. ती नक्कल करतेय की तशीच चालतेय, हे त्याला ठरवता येईना. तो तिला हाक मारणार होता. पण ती कशी वळेल हे बघायची त्याची तयारी नव्हती.

संध्याकाळीच त्यानं शिवमूर्तीला सांगून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घागरी घेऊन दोघं निघाले.

आडावर ओळ होती. वीस-बावीस माणसं, म्हातारीकोतारी सगळी. वाड्यातला निवृत्ती पुढं उभा होता. त्याचं वय महादेवप्पाएवढंच. पण तो खाली वाकून विडी पेटवत होता आणि परत सरळ होत होता. महादेवप्पा ते बघत राहिला. एवढं वाकणं त्यानं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

निवृत्तीनं मागं मान वळवली, नुसती मान. "आप्पा! तुम्ही हिकडं कुठं? उगं गर्दी कशाला?"

ओळीतल्या दोघीतिघींनी महादेवप्पाच्या तोंडाकडं बघितलं. काहीतरी होईल असं शिवमूर्तीला वाटलं.

"हाव," महादेवप्पा म्हणाला. "म्हनून तर लायनीत हाय."

निवृत्तीला हसू आलं नाही. त्यानं एक विडी पुढं केली. महादेवप्पानं घेतली, पण बोटांना ती धरल्याचं कळलं नाही, आणि ती खाली पडली. उचलायला कुणी वाकलं नाही. तो तर नाहीच.

ओळ पुढं सरकत होती. सरजाबाई आडाच्या कडेला दगडावर बसून होती. आता तिचे केस पिकले होते. आज आप्पा येणार हे वाड्याला कळलेलं होतं, आणि आई त्याला काहीतरी सुनावील म्हणून घरी मुक्कामाला आलेली सिंधु त्या दिवशी लातूरला कामाला उशिरा जाणार होती. सरजाबाईचं लक्ष आडाच्या तळाकडं होतं. पाणी कालच्यापेक्षा चार बोटं खाली गेलं होतं.

महादेवप्पाचा नंबर आला.

"वढा पोहरा," सरजाबाई म्हणाली.

महादेवप्पानं दोर धरला. धरला असावा, कारण हातात दिसत होता. ओढायला कंबर वाकेना आणि खांद्याच्या वर हात जाईना. पोहरा जागचा हलला नाही. शिवमूर्ती पुढं झाला, तेव्हा सरजाबाईनं हातानंच त्याला थांबवलं.

"पोरगं न्हाई."

"वढता येईना, बाई," महादेवप्पा म्हणाला. "कंबर गेली. मान बी."

सरजाबाई उठली. तिनं दोर त्याच्या हातातून घेतला आणि पोहरा ओढला. घागर महादेवप्पाच्या पायाशी होती. सरजाबाई वाकली आणि वरून ओतू लागली. घागरीत पाण्याचा आवाज आला. महादेवप्पा समोर बघत उभा होता, समोर बाभळ होती. दुकानात त्यानं सगळ्या गावाला मापून दिलं होतं, आणि माप भरलं की नाही हे नेहमी त्यानंच सांगायचं असायचं.

"भरली का?" त्यानं बाभळीला विचारलं.

"न्हाई अजून."

पुन्हा पोहरा खाली गेला, वर आला. थोडं पाणी त्याच्या पायावर पडलं असावं, कारण शिवमूर्तीनं खाली बघितलं. महादेवप्पाला काही कळलं नाही.

"आता?"

"थोडी हाय."

ती आणखी ओतत राहिली. मागं ओळ थांबली होती. सिंधु वाट बघत होती.

"भरली," सरजाबाई म्हणाली. "दुसरी ठेवा. आन आप्पा, उद्या लवकर या. पानी खाली चाललंय."

"हाव," महादेवप्पा म्हणाला.

घरी नीलम्मानं पितळी पेला धुतला आणि आडाचं पाणी भरून गुरम्माच्या हातात दिला. पोरीनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि पेला परत केला. तिला हापशाचंच पाणी आवडायचं. नीलम्मानं पेला पुन्हा तिच्या तोंडाला लावला. महादेवप्पा दारात उभा राहून बघत होता. पक्के दात यायला अजून साडेतीन वर्षं होती.