चंद्रव्वा गेल्याची खबर

हसा, हसा. शिकल्याली माणसं हसतातच. पर कावळा डोक्याला शिवला की मरणाची खोटी खबर धाडायची, ही रीत काय मी काढलेली न्हाय. रक्ताच्या माणसाला जाऊन सांगायचं, "अमकी गेली." त्यानं ते खरं धरून टिपं गाळायची. टिपं गळली रे गळली की लगेच सांगायचं, "जित्ती हाय बाबा, कावळा शिवला हुता." झालं, मरण रडण्यावर भागलं. मोडनिंबला आमच्या घरात तीनदा असं केलंय, आन तिघंबी म्हातारी होऊन मेली. आता बोला.

मी बजाबाई. चंद्रिकाबाईंची येणी-अंबाडा घालायचं, लुगडं नेसवायचं काम मी केलं. पिक्चरमधी नाव चंद्रिका, खरं नाव चंद्रव्वा. सोलापूरच्या भुसार बाजारातल्या सिद्धलिंगप्पांची एकुलती एक लेक. सदुसष्ट साली अक्कलकोटचं स्थळ बघायला यायचं हुतं, घरात शेंगाच्या पोळ्या लाटून तयार, आन ही पोरगी गावात आलेल्या नाटक कंपनीसंगं निघून गेली. बापानं भर गल्लीत डोक्यावरनं पाणी घेतलं आन म्हणला, "माजी पोर मेली." जित्या लेकीच्या नावानं आंघोळ! असला बाप.

पोरगी काय बसून ऱ्हाणारी न्हवती. आदी कोल्हापुरात हिरोइनीच्या मागं ताट धरून उभी. मग हिरोइनीची मैत्रीण. मग बहीण. मग एका पिक्चरमधी तिला क्षय झाला आन ती अशी झ्याक मेली की बाया पदर पिळत भाईर आल्या. तवापास्नं जो तो तिला मारायलाच बोलवायचा. कुटं हिरीत, कुटं बाळंतपणात. मी म्हणायची, "बाई, एकदा तरी जगायचं काम मागून घ्या." पुढं मुंबईत टीव्ही आला, त्यातबी नाटकं केली. त्यात एकदा तिला शेवटपतूर जगवलं, तर आमच्या सोलापुरात टीव्हीच न्हवता. तिनं बापाला पत्र धाडलं, मुंबईला कुणाकडं तरी जाऊन बगा म्हणून. आदीच्या पत्रांसारखं तेबी न फोडता परत. आई वारली ते तिला तेराव्यानंतर कळलं. त्या दिवशी ती शूटिंगला गेली, दिवसभर काम केलं, आन राती माज्या मांडीवर डोकं ठिवून पडली.

शहात्तर साली एका पिक्चरसाठी कंपनी सोलापुरात उतरली. स्टेशनाजवळ लॉज. बापाचं दुकान तितनं धा मिंटांवर. चंद्रव्वाला एका जागी बसवंना. खिडकीत जायाची, दारात यायाची, साडी बदलायची, परत तीच नेसायची. दोनदा गाडीत बसून भुसार बाजाराच्या कोपऱ्यापतूर गेली आन तसंच गाडी फिरवायला लावली. मी म्हणलं, "बाई, पायाला भिंगरी लावलीय का? एकदा आत जा न्हायतर नाद सोडा." ती माज्यावरच खेकसली.

चौथ्या दिवशी होटगीच्या तळ्याकाठी शूटिंग. सकाळची नऊची येळ. मी अंबाडा घालून पिना शोधायला वाकले, तेवढ्यात कावळा आला आन सरळ तिच्या डोक्यावर पंजे मारून गेला. मी बोंबच ठोकली. ती हसायला लागली. मी म्हणलं, "हसू नका, रक्ताच्या माणसाला खबर धाडायला लागतीय. रडायला लागतंय कुणीतरी."

तिचं हसू तितंच थांबलं. "रक्ताचं कोण आहे मला?" म्हणली. मग तळ्याकडं बगत ऱ्हायली आन बारीक आवाजात म्हणली, "अप्पांना सांगा."

"अवो, त्यांनी तर तुमच्या नावानं आंघोळ केलीया!"

"म्हणूनच. मला कावळ्याचं काही नाही, बजाबाई. मी मेले तर ते रडतात का, एवढंच मला कळू दे. एकदा कळलं की मी इथनं शांतपणानं जाईन. नाही रडले तरी जाईन."

तिला बापाची टिपं पायजे हुती, मला तिचा जीव. दोघींचं काम एकच हुतं. मी कंपनीचा डायव्हर बिरप्पाला बोलवलं. त्याला कानडी येतं, म्हणून त्यालाच. नीट घोकून घेतलं त्याच्याकडनं: "जायाचं, सांगायचं, तुमची लेक गेली. ते रडले की खरं सांगायचं. रडायच्या आदी न्हाय, न्हायतर समदं फुकट." बिरप्पानं मान हलवली. ही मान हलवणारी माणसं लई वाईट बगा.

दीड तास. चंद्रव्वानं दोन शॉट बिघडवले. डायरेक्टर बोंबलला, तिला ऐकूच गेलं न्हाय. डोळे रस्त्यावर. गाडीचा धुरळा दिसला तशी ती चालू कॅमेऱ्यासमोरनं पळत सुटली.

"रडले?"

बिरप्पानं टोपी काढली. "न्हाय बाई. रडले न्हाईत. नुस्तं बगत ऱ्हायले माज्याकडं. मग म्हणले, वळसंगच्या पुढं आमचं रान हाय, तितं घेऊन या तिला. आन दुकानाला कुलूप लावून गेले."

चंद्रव्वा खुर्चीवर बसली, परत उठली. "कळलं," म्हणली. "झालं कळून."

मला मातुर येगळीच शंका आली. "बिरप्पा, खरं सांगितलंस न्हवं त्यांना?"

"न्हाय की."

"न्हाय?"

"रडलेच न्हाईत तर कसं सांगू? तुमीच म्हणला, रडायच्या आदी सांगायचं न्हाय म्हणून."

अरे देवा! मुडद्या, भाड्या, काय काय म्हणले मी त्याला. पर चूक माजीच. रीत माजी, घोकंपट्टीबी माजी. म्हातारं रडलंच न्हाय तर काय करायचं, हे मी त्याला सांगितलंच न्हवतं. रीतीतबी ते न्हाय. आमच्यात मेल्याची खबर आली आन कुणी रडलं न्हाय, असं कधी झालंच न्हाय. आन तिकडं एक बाप लेक मेली म्हणून रानात चाललाय.

गाडी काढली. डायरेक्टर मागनं वराडत हुता. आदी दुकानाकडं गेलो, अजून निघाले नसले तर गाठू म्हणून. कुलूपच. शेजारचे रुद्रप्पा, गूळवाले, चंद्रव्वाला बगून चौरंगावरनं पडायचेच ऱ्हायले. त्यांना कावळ्याचं सांगितलं तसे ते संतापले. "अवो, असली चेष्टा करायची का त्या माणसाची? हिचा एकेक पिक्चर पयल्या दिवशी बगतोय त्यो. मीच असतो संगं. पर शेवटपतूर कधी बसत न्हाय. ही मरायला लागली की उठतोय आन भाईर येऊन पायरीवर बसतोय. मला म्हणतोय, सुटल्यावर सांग कसं झालं ते."

गाडीत चंद्रव्वा नखं खात हुती. "जोरात चालवा," एवढंच म्हणत हुती. बिरप्पा जोरातच चालवत हुता. मी समद्या देवांना हात जोडून झाले.

रानात तिच्या आईची समाधी हाय; त्यांच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. तिच्या बाजूला माती उपसल्याली दिसली. गडी वर उभा आन म्हातारं सोताच खड्ड्यात, छातीइतक्या. अंगात पैरण न्हाय, हातात फावडं. साठी उलटलेला माणूस. चंद्रव्वा गाडीतनं उतरली तशी गड्यानं किंकाळी फोडली आन पळाला. तिच्या अंगावर शूटिंगचं लुगडं, तोंडाला रंग, त्या गड्याला भूतच वाटलं असणार.

म्हातारा वर चढून आला. लेकीपुढं उभा ऱ्हायला.

"अप्पा," ती म्हणली, "कावळा शिवला होता."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. म्हातारा मातीच्या ढिगावर बसला. मग एकदम त्याचं तोंड उतरलं.

"कुणाला शिवला? तुला?"

"हो."

"आन मी रडलो न्हाय."

"राहू द्या अप्पा, मी आहे ना—"

"राहू द्या काय? सगळं आत थिजलं माजं, डोळ्याला पाणीच आलं न्हाय. मला वाटलं, आदी जागा करू तिला, मग बगू. आता ते मरण कुटं जाईल? तुज्यावरच बसलंय की ते!" म्हातारा उठला. बिरप्पाचा दंड धरला. "ए डायव्हर. परत सांग."

"काय, मालक?"

"सकाळी सांगितलंस ते. परत सांग मला."

"अप्पा, अहो मी समोर उभी आहे," चंद्रव्वा म्हणली.

"तू गप. तू मेलीयास," म्हातारा तिच्यावर वसकला. "मदी बोलायचं न्हाय."

बिरप्पानं माज्याकडं बगितलं. मी म्हणलं, "सांग, मुडद्या." त्यानं टोपी काढली, मान खाली घातली आन कानडीत म्हणला, "निम्म मगळु होदळु." तुमची लेक गेली.

म्हाताऱ्यानं जो हंबरडा फोडला! "चंद्रव्वा गं" म्हणून कपाळ बडवून घेतलं. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. आईनं शेवटी तुजंच नाव घेतलं, मी तुला कळवलं न्हाय. पत्रं परत धाडली, हातात धरून बसलो हुतो गं, फोडली न्हाईत. त्या दिवशी डोक्यावर पाणी घेतलं तवाबी रडलो न्हवतो, लोक बगत हुते. समोर लेक उभी, आन बाप तिच्याकडं बगत न्हवता, खड्ड्याकडं बगून रडत हुता. चंद्रव्वा सांगितल्यासारखी गप उभी, हलली न्हाय. गालावरचा रंग वघळून लुगड्यावर पडत हुता.

टिपं गळली की लगेच खरं सांगायचं, ही रीत. मी पुढं झाले, तोंड उघडलं.

चंद्रव्वानं माजं मनगट धरलं. "थांबा, बजाबाई," म्हणली. "अजून थोडं रडू द्या त्यांना."

मी थांबले.