महिनाअखेरची झाकणं

आमच्या कारखान्यात डब्यांची झाकणं बनतात. पत्र्याचा ताव प्रेसखाली सरकवायचा, प्रेस दणकन खाली येते आणि झाकण बाहेर पडतं. मी त्या प्रेसपासून दोन मजले वर बसते आणि रिपोर्ट काढते. माझ्या हातून आजवर एकही झाकण बनलेलं नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. पण दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी झाकणं लावायचे मीच.

त्याचं असं होतं. एखाद्या मशीनमध्ये बिघाड सापडला की देखभालीचे फोरमन अण्णा त्याची तक्रार सिस्टीममध्ये नोंदवायचे. म्हणजे नोंदवायचे मीच. अण्णांची बोटं जाडजूड आणि कीबोर्डशी त्यांचं हाडवैर. ते वहीत पेन्सिलीने लिहून आणायचे आणि मी त्यांच्या नावाने आत शिरून टाइप करायचे. त्यांचा पासवर्ड त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ होता. तक्रार बंद करण्याचा अधिकारही फक्त त्यांच्याच नावाला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला मुख्य कार्यालय आमचा आकडा उचलायचं. उघड्या तक्रारी पाचपेक्षा जास्त असल्या की त्यांच्या तक्त्यातला आमच्या कारखान्याचा चौकोन लाल. चौकोन लाल झाला की साहेबांना वरच्यांची बोलणी खावी लागायची, आणि मग ते खाली येऊन आमच्यावर आग पाखडायचे. म्हणून पावणेपाचच्या सुमारास मी अण्णांच्या नावाने आत जायचे आणि उघड्या तक्रारी सगळ्या एकदम बंद करायचे. पाचला हिरवा चौकोन वर जायचा. एक तारखेला सकाळी नऊला येऊन मी त्याच तक्रारी पुन्हा उघडायचे. ह्याला आम्ही झाकणं लावणं म्हणायचो. साहेब साडेचारला दारातून डोकावत, "मॅडम, झाकणं?" मी म्हणायचे, "लावते, साहेब." अण्णांनाही हे ठाऊक होतं. ते हसून मान हलवायचे आणि तंबाखू मळत निघून जायचे.

चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. कुणाला साधं खरचटलंही नाही, कारण जुन्या सिस्टीममधली यादी ही नुसती यादी होती. मशीन चालवायचं की नाही ते अण्णांची लाल पत्र्याची पाटी ठरवायची. ती मशीनच्या कडीला लटकत असली की बटणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग नवी सिस्टीम आली. हिशेब, माल, मशीन आणि माणसं, सगळं एकमेकांना जोडलेलं. तक्रार बंद झाली की मशीन आपोआप 'तयार' दिसणार, रात्रीतून कामाची वाटणी आपोआप होणार आणि सकाळी प्रत्येक कामगाराच्या टॅबवर त्याचं मशीन येणार. आता पाट्या कशाला हव्यात? साहेबांनी त्या गोळा करून स्टोअरमध्ये एका खोक्यात टाकल्या. अण्णा कुरकुरले, पण निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या माणसाची कुरकुर कोण मनावर घेतो! मी शिकवणीला पहिल्या रांगेत होते. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले, प्रमाणपत्र टेबलावर उभं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे काही जण म्हणाले की बिचारीला कळलं नसेल. मला सगळं कळलं होतं.

त्या महिन्यात चार नंबरच्या प्रेसची तक्रार उघडी होती. प्रेसच्या तोंडाशी किरणांचा पडदा असतो. माणसाचा हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. चार नंबरचा पडदा कधी थांबवायचा, कधी नाही. अण्णांनी वहीत लिहिलं होतं, 'भरवसा नाही. नवा भाग येईपर्यंत चालवू नये.' मी ते जसंच्या तसं टाइप केलं होतं, पूर्णविरामासकट.

तीस तारखेला अण्णा दातांच्या डॉक्टरकडे म्हणून चारलाच गेले. साडेचारला साहेब डोकावले. चौदा तक्रारी होत्या. नव्या सिस्टीमची ही पहिलीच महिनाअखेर, पण माझ्या बोटांनी कसलाही विचार केला नाही. सगळ्या निवड, बंद कर, खात्री आहे का, हो. चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती. पाचला चौकोन हिरवा झाला आणि साहेबांनी लांबूनच शाबासकीचा अंगठा उंचावला.

घरी जाताना ताईकडे डोकावले. ताई माझी सख्खी मोठी बहीण, आणि भाऊजी आमच्याच कारखान्यात प्रेसवर. आमच्या घरात त्यांच्याइतका थट्टेखोर माणूस दुसरा नाही. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून ते बारा दिवस रजेवर होते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होणार होते. ताईने चहा टाकला. भाऊजी दाराशी बसून बूट पुसत होते.

"काय मेव्हणीबाई, उद्या कुठलं मशीन मारताय माझ्या गळ्यात?"

"मी काय मशीन वाटते का? टॅबवर येईल सकाळी."

"म्हणजे आता टॅब म्हणेल ती पूर्व."

"टॅबला अक्कल आहे तरी," मी म्हटलं. ताई हसली. मी तीन बिस्किटं खाल्ली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी नऊला दहा कमी असताना मी फाटकापाशी पोचले. रोजच्यासारखा प्रेसचा आवाज येत नव्हता. पहारेकऱ्याने मला पाहून मान वळवली. सात चाळीसला झालं होतं सगळं. भाऊजींच्या टॅबवर चार नंबर आलं, हिरवं. बारा दिवस कारखान्यात नसलेल्या माणसाला त्या पडद्याचं कोण सांगणार? अण्णा आठला यायचे आणि पाटी खोक्यात पडली होती. अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला भाऊजींनी उजवा हात आत घातला आणि प्रेस खाली आली. चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मी खाली गेले तेव्हा फरशी धुऊन झाली होती आणि पाणी अजून नाल्याकडे ओघळत होतं. तिथेच एका खोक्यावर बसले आणि मला एवढंच आठवत राहिलं की मी नऊला येऊन चार नंबरची तक्रार पुन्हा उघडणार होते.

दुपारी साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"तक्रारींना आता हात लावायचा नाही. चौकशी येणार. कुणी बंद केल्या, किती वाजता, त्याचा रिपोर्ट काढून ठेवा."

"साहेब, तुम्हाला माहीत आहे कुणी केल्या ते."

"मला काही माहीत नाही. नाव सिस्टीम देते, आपण देत नाही."

"पण अण्णा तर चारलाच गेले होते. फाटकावर नोंद असेल."

"मग त्यांनी पासवर्ड वाटला. तोही गुन्हाच. कसंही फिरवा, अडकतात तेच." त्यांनी दाराकडे हात केला. "तुमच्या घरचाच माणूस आहे, मॅडम. तुमच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का? घरी जा."

मी घरी गेले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते.

अण्णांना घरी बसवलं. चौकशीत ते एवढंच म्हणाले, "मी बंद केल्या नाहीत." मग कुणी केल्या, असं विचारल्यावर गप्प बसले. मी समोरच्या खुर्चीत रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, अशी मी स्वतःची समजूत घालते.

ताई पाच दिवस दवाखान्यातून हलली नव्हती. भाऊजींना डाव्या हाताने चमचा धरता येत नव्हता आणि भरवलेलं चालत नव्हतं. थट्टा तर सोडाच, ते पाणीही खुणेनेच मागत. ताईने मला वऱ्हांड्यात ओढलं.

"चिमे, ते मशीन सुरू करायला कुणी सोडलं?"

"चौकशी चालू आहे, ताई."

"चौकशी गेली खड्ड्यात. तू रिपोर्टवाली ना? सगळ्यांची नावं तुझ्याकडे असतात. मला ते नाव काढून दे. मला त्याच्यासमोर उभं राहायचंय. आणखी काही नको."

"नाव घेऊन काय करणार?"

"त्याला विचारणार. चमचा धरून दाखव म्हणावं." तिने माझं मनगट धरलं. "तू माझी बहीण आहेस. तू नाही देणार तर कोण देणार?"

मी तिला नाव दिलं. दुसऱ्या दिवशी कागद छापून नेला. प्रेस चार, तक्रार बंद, तीस तारीख, चार बावन्न, आणि समोर अण्णांचं पूर्ण नाव. कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. ताईने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि पदराच्या टोकात बांधला.

आणि त्याच दुपारी, भेटीच्या वेळेत, अण्णा आले. हातात सफरचंदांची पिशवी, दाढी वाढलेली. दारातच थांबले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेत असं आम्हाला वाटलं. ताई उठली, पदराची गाठ सोडली आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे नाव तुमचंच ना?"

अण्णांनी खिशातून चष्मा काढला आणि सावकाश वाचलं. मग कागदावरून माझ्याकडे पाहिलं. चौकशीत टाळलेली नजर त्यांनी आता दिली. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त माझी दया आली होती.

"हो," ते म्हणाले. "नाव माझंच आहे."

"मग काय वाटतं तुम्हाला? तीस वर्षं मशीन सांभाळलीत म्हणे. हे सांभाळलंत?" ताईने चादर बाजूला करून पट्ट्यांत गुंडाळलेला हात दाखवला. "नातवंडं असतील ना तुम्हाला? त्यांची बोटं मोजता का कधी?"

अण्णा उभेच राहिले. पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. माणसाने किती सोसावं आणि ते दुसऱ्यासाठी का सोसावं, मला कळत नव्हतं. कदाचित चार वर्षं मी त्यांचं टायपिंग केलं म्हणून असेल. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि ते जायला वळले.

"ताई," मी म्हटलं. "अण्णा तेव्हा दातांच्या दवाखान्यात होते. त्यांच्या नावाने मी जाते आत. दर महिन्याला जाते. त्या दिवशीही मीच गेले होते. चार नंबरची तक्रार मी बंद केली."

ताईच्या डोक्यात आधी ते शिरलंच नाही. ती अण्णांकडे बघत राहिली, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. "काहीतरीच काय बोलतेस?" ती म्हणाली. "तू कशाला बंद करशील?"

"रिपोर्ट हिरवा दिसावा म्हणून. सकाळी नऊला पुन्हा उघडणार होते."

ती खाटेच्या कडेवर बसली. मला मारेल, शिव्या घालेल, असं वाटलं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. अण्णा दाराची चौकट धरून उभे होते.

भाऊजींनी मान वळवली. ते जागेच होते. सहा दिवसांत पहिल्यांदा ते पूर्ण वाक्य बोलले.

"किती वाजता बंद केलीस?"

"चार बावन्नला."

त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात वेळ लावून बघत असावेत.

"मग आमच्याकडे आलीस ती त्याच्यानंतर," ते म्हणाले. "मी बूट पुसत होतो. उद्या कुठलं मशीन, म्हणून तुला विचारलं होतं मी."