घड्याळमास्तरांचे चार सेकंद

“पेन्सिल द्या, पेन्सिल,” बाई म्हणाल्या.

वेधशाळेच्या ग्रंथपालाने कानामागची पेन्सिल काढून दिली. निवृत्तीला तीन दिवस उरलेल्या, ग्रहांमागे लागून केस पांढरे झालेल्या बाई ती कॅसेटच्या भोकात खुपसून सैल पडलेली फीत गुंडाळू लागल्या.  आनंद झाला होता आणि थोडी भीतीही वाटत होती, उगाच खोटं कशाला सांगा?

झालं होतं असं, की सकाळी सकाळी दूरच्या एका वेधशाळेची मेल येऊन पडली. सूर्यापासून फार लांबच्या एका चिमुकल्या ग्रहाभोवती तिथल्या लोकांना शनीसारखं कडं सापडलं होतं. आणि जुनी कागदपत्रं चाळताना त्यांनी बाईंचा एकतीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध वाचला होता.

आता या निबंधाची गंमत ऐका. बाईंनी जन्मभरात बेचाळीस निबंध लिहिले, पण लोक दाखला द्यायचे तो या एकाचाच. तोही कसा, तर वेध कसे घेऊ नयेत याचा नमुना म्हणून! एका पहाटे हा ग्रह एका ताऱ्यासमोरून गेला. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या बाईंना तो तारा झाकला जायच्या एकतीस सेकंद आधी क्षणभर मंद झालेला दिसला. मग तो ग्रहाआड गेला, बाहेर आला आणि सत्तावीस सेकंदांनी पुन्हा मंद झाला. ग्रहाला कडं आहे, असं बाईंनी लिहिलं. जाणत्यांनी झोडपून काढलं. कडं असेल तर दोन्ही बाजूंना अंतर सारखं नको का? लंगडं कडं कुणी पाहिलंय? बाईंची पापणी लवली असेल. तेव्हापासून परिषदेत चहाच्या रांगेत कुणीतरी विचारायचंच, काय बाई, कडं सापडलं का? बाई हसून साजरं करायच्या आणि घरी येऊन न जेवता झोपायच्या.

मेलमध्ये लिहिलं होतं, की तुमचा पहिला आकडा आमच्या कड्याशी तंतोतंत जुळतो, दुसरा मात्र चार सेकंदांनी चुकतो. मूळ नोंद आहे का?

मूळ नोंद म्हणजे ही कॅसेट. त्या काळी वेधशाळेतली घड्याळं सांभाळायला एक घड्याळमास्तर होते. ते सुरुवातीला टेपवर अचूक वेळ बोलत, मग टेप चालूच राही आणि बाई “गेला”, “आला” असं ओरडत. नंतर टेप ऐकून सेकंद मोजायचे. मधे कॅसेट उलटायला मास्तरांना सहा सेकंद लागत. शंभरदा सराव करून बसवलेले सहा. बाई ते डोळे मिटून हिशेबात धरत. मास्तरांना खोड एकच, टेपवर बडबड करायची. आज गारठा आहे, बाईंची खुर्ची करकरते, असलं काहीबाही. त्यामुळे नोंदी उतरवताना मास्तरांचा आवाज आला, की बाई टेपचा आवाज बारीक करायच्या.

आज केला नाही. “आला” असं स्वतःचंच तरणं ओरडणं ऐकू आलं आणि नेमकी तिथेच पहिली बाजू संपली. बाईंनी कॅसेट उलटली. खरखर झाली आणि मास्तर बोलले, “बाई, झाकण अडकलं होतं. आज सहा नाही, दहा गेले. चार जास्तीचे मांडून घ्या.”

बाईंनी ते तीनदा ऐकलं. सत्तावीस आणि चार.

“एकतीस,” त्या ग्रंथपालाला म्हणाल्या. “अहो, एकतीस!” त्या बिचाऱ्याला ओ की ठो कळलं नाही, पण बाईंचा चेहरा बघून तोही हसत सुटला.

आणि त्याच क्षणी बाईंना मास्तरांचा निरोप समारंभ आठवला. खुर्चीवरून उठता उठता मास्तरांनी हळूच विचारलं होतं, ते चार सेकंद मांडले होते ना? झाली यांची बडबड सुरू, असं मनात म्हणत बाईंनी हो हो, मांडले, असं सांगून टाकलं होतं.  त्यांनी तिथेच बसून मेलला उत्तर लिहिलं. चूक माझी, सेकंद मास्तरांचे, निबंधाच्या दुरुस्तीवर पहिलं नाव त्यांचंच घालावं. मग मास्तरांच्या घरी फोन केला. चारला या, पण मोठ्याने बोला, मामंजींना कमी ऐकू येतं, असं सुनेने सांगितलं.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. फार वाळले होते. बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून कड्याची सगळी हकीकत सांगितली, अगदी लहान पोरीसारखी, हातवारे करत. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि ते चार सेकंद?” त्यांनी विचारलं.

“आज मांडले, मास्तर. तेव्हा हो म्हणाले ते खोटं होतं. मी तुमचं ऐकलंच नव्हतं.”

 “तुम्हाला लोक हसायचे,” मास्तर म्हणाले. “मला वाटायचं, माझंच मोजायला चुकलं.”

 मास्तरांनी सुनेला कपाटातलं मनगटी घड्याळ आणायला सांगितलं. ती चकितच झाली. नोकरी सुटल्यापासून त्यांनी ते हातात घातलं नव्हतं, भिंतीवरचंही उतरवून ठेवायला लावलं होतं. मास्तरांनी घड्याळाला सावकाश चावी दिली, कानाला लावलं, ऐकू येईना म्हणून बाईंच्या कानाला लावलं.

“चालतंय,” बाई म्हणाल्या.

“मग वेळ सांगा, लावून घेतो,” मास्तर म्हणाले, “सेकंदांसकट.”

बाईंनी डोळे पुसून आपल्या हातातलं घड्याळ बघितलं आणि वेळ मोठ्याने सांगितली.