नडगीवरचा खळगा

येस्लेमने महजूबाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"बाबा, बीळ पडलं," ती हसली. सुजेने तिचे डोळे बारीक झाले होते.

तंबूच्या दारात तिची आजी, उम्मुलखैरी, उभी राहिली. हातात लाकडी वाडगा, त्यात बाजरीची लापशी, वर लोण्याचा गोळा. येस्लेमने मुंडाशाचा शेव घाईने तोंडावर ओढला आणि मान खाली घातली. सासूला जावई तोंड दाखवत नाही, तिच्याशी थेट बोलत नाही. त्याची बायको तेकबर जाऊन दोन वर्षं झाली, तरी सासू ती सासूच.

"महजूबा, आजीला सांग, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

"आजी, बाबा म्हणतात..."

"ऐकलं. बाबांना म्हणावं, अळणी लापशी उंटसुद्धा हुंगत नाही. कुठे आत्ता पोर अंग धरतेय, तर यांची पथ्यं सुरू."

"तुम्ही दोघं एकाच चटईवर आहात," महजूबा म्हणाली. "मला कशाला दमवता?"

उम्मुलखैरी हसली. येस्लेमही शेवाआड हसला असावा.

काल तो तिला घेऊन नुआकशोतच्या दवाखान्यातून परतला होता. मूत्रपिंडाची चाळण बिघडलीय, डॉक्टर म्हणाले होते. रक्तातलं सत्त्व लघवीतून वाहून जातं आणि पाणी अंगात साचतं. इतके महिने दिलेल्या गोळ्यांचा गुण आला नव्हता. दुसऱ्या देऊन बघू, पण फार आशा ठेवू नका. घरात आधी कुणाला असं होतं का?

"नाही," येस्लेम म्हणाला होता. "हिची आई तर चांगली भरलेली होती. शेवटी शेवटी इतकी, की बायका लांबलांबून कौतुकाने बघायला यायच्या."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं होतं.

हे सासूला सांगायला हवं होतं. पण निरोप न्यायला महजूबाच होती, आणि हा निरोप तिच्या तोंडी देता येत नव्हता.

आजीने पहिला घास उचलला. येस्लेमने पुढे होऊन महजूबाचा पाय हातात घेतला, वाडग्याशेजारी ठेवला आणि आजीच्या डोळ्यांदेखत नडगीवर अंगठा दाबला. उचलला. मग हात मागे घेतला.

म्हातारी खळग्याकडे बघत राहिली. तेकबरच्या पायांना तेल चोळायची ती हीच. घास वाडग्यात परत गेला.

तेवढ्यात शेजारची सलेखा चहासाठी निखारे मागायला आली आणि दारातच थांबली.

"माशाल्लाह, उम्मुलखैरी! पोर काय भरलीय! तोंडवळा अगदी तेकबरचा. दुधात काय घालतेस, आम्हालाही सांग की."

"ऐकलंत, बाबा?" महजूबाने मान ताठ केली. "मी आईसारखी दिसते."

आजीने आपल्या मलहफ्याचा पदर महजूबाच्या पायांवर ओढला, चिमट्याने निखारे काढून दिले. सलेखा गेली.

"महजूबा, ही लापशी शेळ्यांना घाल जा."

"सगळी? लोण्यासकट?"

"सगळी. आणि तिथेच खेळ जरा."

वाडगा सांभाळत, जड पाय टाकत महजूबा उन्हात गेली. तंबूत आता दोघंच उरली. येस्लेम उठायला लागला.

"येस्लेम."

लग्नापासून आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"बस. तेकबरच्या पायाचंही असंच व्हायचं. मला वाटायचं, मी दिलेलं दूध-लोणी अंगी लागलं." तिने गुडघ्यावरचं नसलेलं पीठ झटकलं. "डॉक्टर काय म्हणाले? मला सांग. माझ्याकडे बघून सांग."

येस्लेमने तोंडावरचा शेव खाली घेतला. ओठ हलले. बाहेर महजूबा शेळ्यांना नावं घेऊन रागावत होती.

त्याने शेव पुन्हा वर ओढला, या वेळी डोळ्यांपर्यंत.

म्हातारीने समजल्यासारखी मान हलवली आणि चहाचं भांडं निखाऱ्यांवर ठेवलं.