आमेदेमामाची अंडी

लिदवीनला आता काचेच्या नळ्या हातात धरायचाही कंटाळा येई. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरच्या प्रयोगशाळेत ऐन तारुण्यात नोकरीला लागल्यापासून ती एकच विष शोधत आली होती. केळीच्या बागांत किडीसाठी टाकलेली ती पांढरी पावडर. बंदी येऊन जमाना झाला, पण पावडर माती सोडायला तयार नव्हती. मातीतून कंदात जायची, ओढ्यात जायची, तिथून माणसाच्या रक्तात. रोज कुणाची तरी अळकुडी, कुणाच्या तरी विहिरीचं पाणी टेबलावर यायचं आणि निकाल टपालाने जायचा. पुढे ती माणसं काय करतात, हे विचारणं तिने कधीच सोडलं होतं.

एका सकाळी आमेदेमामाच टोपली घेऊन दारात उभा राहिला. आईचा हा धाकटा भाऊ. आई गेल्यावर लिदवीनला त्यानेच वाढवलं.

"मामा, तू इथे? फोन करायचास ना."

"फोनवरून अंडी पाठवता येतात होय?" मामाने टोपली खाली ठेवली. आत अंडी, एक भलीमोठी अळकुडी आणि बाटलीत परसातल्या झऱ्याचं पाणी. "नात येतेय ना पॅरिसहून, ओरेली, बाळंतपणाला. तिच्यासाठी म्हणून कोंबड्या राखल्यात. म्हटलं, तिच्या ताटात वाढायच्या आधी तुझ्या नजरेखालून जाऊ दे."

लिदवीनने टोपली उचलून टेबलावर ठेवली. मामाचं परसू जुन्या केळीच्या बागेला लागूनच होतं. त्याच बागेत मामाने उमेदीच्या वर्षांत ती पावडर उघड्या हातांनी बुंध्याबुंध्याशी टाकली होती. बेटभरची परसं तिने तपासली, पण मामाला "तुझंही आण बघू" असं तिला कधी म्हणवलं नाही. दर रविवारी त्याच्याकडेच तर जेवायला बसायची.

साहेबांची परवानगी काढून तिने काम हाती घेतलं. अंडी फेटली, अळकुडी किसून तिचा लगदा केला. त्यात विष ओढून घेणारं द्रावण ओतलं, नळ्या हलवल्या, गरगर फिरवल्या. वर जो निवळ थर आला तो अलगद काढून घेतला, त्यातली चरबी गाळली, आणि उरलं ते यंत्राला दिलं. पाणी बोटभर नळीतून थेंब थेंब गाळायला लावलं. मग नुसतं बसून राहायचं. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती, चालली होती, आणि विषाच्या नेमक्या जागी तिचा सुळका उभा राहिला. काच अस्वच्छ असेल म्हणून तिने सगळं पुन्हा धुतलं आणि पुन्हा केलं. सुळका तसाच.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. तो पायरीवर बसून मक्याचे दाणे सोलत होता.

"तोंड का उतरलंय? बोल की."

"ओरेलीला अंडी देऊ नकोस. अळकुडीही नको. झऱ्याचं पाणीही बंद कर."

"पाण्यात कितीसं असणार?"

"टँकरभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकावं, त्याहूनही कमी."

"बस? एवढ्यासाठी झरा सोडायचा?"

"तेवढंही रोज प्यायचं नसतं, मामा. आणि अंड्यांत त्याच्या कितीतरी पट आहे. मी दोनदा केलं."

मामा परसात माती उकरणाऱ्या कोंबड्यांकडे बघत राहिला. "कापून टाकू म्हणतेस?"

"नको. जमिनीवरून उचल त्यांना. चोच मातीत गेली नाही, तर हळूहळू अंगातून निघून जातं."

"आणि माणसाच्या अंगातून?"

"निघतं. खाणं थांबवलं तर. तू रक्त तपासून घे."

"माझं जे काढायचं ते डॉक्टरांनी काढलंय," मामा म्हणाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. मग त्याने विचारलं, "ते यानेच झालं का गं?"

हा प्रश्न लिदवीनने कितीजणांच्या तोंडून ऐकला होता. "कुणा एका माणसाबद्दल तसं नाही सांगता येत," ती म्हणाली. आपलंच उत्तर तिला शिळं वाटलं.

मामाने मान हलवली. "तुमचं यंत्र एवढंसं बारीक बघतं, आणि एवढं मोठं दिसत नाही त्याला."

त्याच्याशेजारी बसून तीही दाणे सोलू लागली.

त्या आठवड्यात मामाने बांबूच्या खांबांवर खुराडं बांधलं, खाली फळ्या ठोकल्या. कोंबड्या दिवसभर भांडायच्या, आणि मामा त्यांना शिव्या घालत विकतचा मका टाकायचा. लिदवीन मधूनमधून अंडी घेऊन जायची. सुळका खाली येत होता, पण गोगलगायीच्या चालीने. ओरेली आली, तिला मुलगी झाली, तोवर घरात दुकानातलीच अंडी. बारसं उरकल्यावर एकदाची रेघ सपाट निघाली. लिदवीनने फोन केला तेव्हा मामा "बरं" म्हणाला, एवढंच.

पुढच्या रविवारी ओरेलीच्या ताटात मामाने आपल्या कोंबडीचं अंडं वाढलं. स्वतः मात्र कोपऱ्यात उकडलेली अळकुडी घेऊन बसला, परसातल्या जुन्याच वाफ्यातली.

"मामा."

"सत्तर वर्षं खाल्लीय गं."

समजावून सांगायचं त्राण लिदवीनमध्ये उरलं नव्हतं. तिने उठून त्याचं ताट उचललं, अळकुडी कचऱ्यात टाकली आणि आपल्या ताटातला भाजलेला नीरफणस, उंच झाडावरचा, जिथवर ते विष चढत नाही, त्याच्या पुढ्यात ठेवला. मामाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने खायला लागला.