ऐरण झालेला अशनी

मित्रांनो, मी एक जुना अशनी आहे, म्हणजे आकाशातून पडलेला दगड. दगड आपलं म्हणायचं, अंगाने मी अस्सल लोखंड. विद्यापीठाच्या अशनी-संग्रहात, जिना चढून आलात की डाव्या हाताच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

मी पडलो ते कोणी पाहिलं नाही. नांगर माझ्यावर अडला तेव्हा शेतकऱ्याने चार शिव्या हासडून मला बांधावर ढकललं. तिथून एका लोहाराने मला उचलून नेलं आणि माझी ऐरण केली. तेव्हापासून सगळे मला 'ती' म्हणू लागले. मीही हरकत घेतली नाही. माझ्या पाठीवर कोयते घडले, कुऱ्हाडी घडल्या, दारांच्या कड्या घडल्या. "हिच्या जिवावर घर चालतंय," असं लोहार बायकोला सांगायचा, तेव्हा घावांचं काही वाटत नसे.

एकदा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापक बाई दगड फोडायच्या हातोडीला टोक काढून घ्यायला आल्या आणि माझ्याकडेच बघत राहिल्या. माझा कीस नेऊन त्यांनी तपासला, मग पुन्हा आल्या.

"दादा, तुमची ऐरण आभाळातून आलीय. संग्रहाला द्याल? लोकांना बघता येईल, मुलं अभ्यास करतील. तुम्हाला नवी ऐरण आणून देते."

लोहाराने बायकोकडे पाहिलं. त्याची बायकोच म्हणाली, "न्या. पण बाई, लेक सासरी धाडल्यासारखी धाडतेय. जपा हो तिला."

विद्यापीठात करवतीने माझा एक पातळ काप काढला. मी घाबरलो होतो. पण कापावर तेजाब फिरवताच आडव्यातिडव्या रेषांची नक्षी उमटली. लाखो वर्षं सावकाश निवताना ती माझ्या पोटात पडली होती, आणि मलाच तिचा पत्ता नव्हता! ती दाखवणाऱ्या बाईंचे उपकार मी कसे विसरेन?

पुढे बाई निवृत्त झाल्या. खोलीला कुलूप लागलं, भिंतीला ओल आली आणि माझ्या अंगावर गंज चढला. मुलांचे आवाज जिन्याखालूनच परत जायचे.

मग एके दिवशी कुलूप निघालं. दारात लोहाराची बायको उभी होती, थकलेली. सोबत नवे विभागप्रमुख होते.

"मालक गेले. म्हटलं, त्यांची ऐरण तरी बघून यावी," ती म्हणाली. जवळ येऊन तिने पदराने मला पुसलं. पदर तांबडा झाला. "काय गं, ओळखू येईनाशी झालीस!"

विभागप्रमुखांची मान खाली गेली. "काकू, आमची चूक झाली."

"चुका काढायला नाही आले बाबा. भेटायला आले."

त्याच वर्षी भिंत दुरुस्त झाली. माझा गंज काढला, तेलाचा हात दिला, कोरडं कपाट आलं. खोली सगळ्यांसाठी उघडली, आणि पहिल्या दिवशी दार काकूंनीच उघडलं. आता मुलं काचेला नाक लावून माझी नक्षी बघतात, विद्यार्थी माझे कण तपासतात. मी तृप्त आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी बंद खोली असेल. तिथल्या जुन्या वस्तूंना भेटायला जा. कोणी येणार म्हटलं, की माणसं घर झाडून ठेवतात.