मोठी गाडी माळावरून गेली

मी एक जुनं स्टेशन आहे. बोरमळा माझं नाव.

मित्रांनो, मला सगळं क्रमानं सांगायचं होतं. आधी जन्म, मग काम, मग म्हातारपण. पण सांगायला लागलो की मध्येच ती शिट्टी ऐकू येते आणि मी अडखळतो. तेव्हा जमेल तसं सांगतो. सांभाळून घ्या.

जन्म. काळ्या दगडाची एक खोली, तिकिटाची एक खिडकी, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक बाक. फलाट म्हणजे मुरूम टाकून चोपलेला बांध. माझ्यापुढून अरुंद रुळांची गाडी जायची. तिला सगळे लहान गाडी म्हणत.

काम. सकाळी सात पंचवीसला सांगलीकडे, संध्याकाळी सव्वासहाला परत. माधवनगरच्या गिरणीतले कामगार, बाजारात दही विकायला निघालेली शालूबाई, आणि अंजना. आकाराम हा माझा एकटा नोकर. तिकीट तोच द्यायचा, घंटा तोच वाजवायचा. हिरवं निशाण दाखवण्याआधी तो आलेल्यांकडे बघत नसे. कोण आलेलं नाही, ते बघत असे. गार्डही खाली उतरून तंबाखू मळत थांबायचा. आम्हां सगळ्यांना ही रीत फार बरी वाटायची.

अंजना अकरावीत होती, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची सांगलीत. तिचे वडील मानसिंग फौजेत होते. घरात शब्द चालायचा तो आजोबांचा, नाथाजीआबांचा. त्यांनी नातीला याच फलाटावर सांगितलं होतं, मी ऐकलं आहे.

"गाडी दारातनं जाती तवर शीक. चालत मातूर मी पोरगी धाडणार न्हाई."

आता शिट्टीकडे जाऊ का? नको. आधी खुंट्या.

सत्तर साल असेल. साखळ्या आणि लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन माणसं आली. पुण्यापासून मिरजेपर्यंत रुंद रूळ पडणार होते, मोठी गाडी येणार होती. त्यांनी माझ्या शेजारीच, नाथाजीआबांच्या उसात खुंट्या ठोकल्या. तीन एकर ऊस आणि विहीर, दोन्ही रुळाखाली जाणार होती.

नाथाजीआबांनी गाव गोळा केला. अर्ज लिहिला, त्यावर अंगठे उठले. मोजणीचे साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांना गुऱ्हाळावर नेऊन ताजी काकवी खाऊ घातली आणि माळ दाखवला. तिथे कुसळांशिवाय काही नव्हतं. साहेबांनाही तिथली ओळ सरळ पडत होती. खुंट्या उपटल्या आणि माळावर गेल्या. त्या रात्री गावात पुरणपोळ्या झाल्या.

पुढे माळावर रूळ पडून झाले, तेव्हा फक्त आकारामनं विचारलं, "आवं आबा, रूळ माळावर गेल्यावर गाडी हितं कशी यायची?"

"स्टेशन कुणाचं हाय?"

"सरकारचं."

"मग? सरकार आपलं स्टेशन टाकून जाईल व्हय? लहान गाडीबी वळण घिऊनच येती की. मोठीबी वळंल."

"मला कागूद आलाय आबा. नव्या स्टेशनावर हजर व्हा म्हणून."

"निशाण हालवून हालवून तुझं डोस्कं हाललंय रं. बदली तुझी झाली. स्टेशनाची न्हाई."

सगळे हसले. मित्रांनो, मीही मनात हसलो. इतकी वर्षं गाडी माझ्याकडे येत होती. गाडी रुळांमागे जाते, हे मला कधी सुचलंच नाही. मला वाटायचं, ती माझ्यासाठी येते.

आता शिट्टी.

लहान गाडी आदल्या संध्याकाळी बंद झाली होती. मोठी गाडी पहिल्यांदा यायची होती, त्या सकाळी सगळा गाव माझ्यावर होता. पडवीच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते. नाथाजीआबांनी फेटा बांधला होता, हातात झेंडूचा हार होता, इंजिनाला घालायचा. शालूबाई दह्याची पाटी घेऊन बाकावर बसली होती. अंजनाच्या एका हातात ओवाळणीचं ताट, खांद्याला दप्तर. मॅट्रिकला चार महिने उरले होते.

सात वीस झाले. ती खाली बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "मोठी गाडी ह्या रुळांवर बसायची कशी?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. रूळ होते तसेच होते, अरुंद.

आणि शिट्टी झाली. माळावर.

उसाच्या तुऱ्यांपलीकडे धूर दिसला. तो उजवीकडून आला आणि डावीकडे गेला. कुठेही वळला नाही.

मी...

पुन्हा सांगतो. धूर उजवीकडून आला आणि डावीकडे गेला. फलाटावर दोनशे माणसं होती आणि हार नाथाजीआबांच्या हातातच होता. गिरणीचे कामगार डबे उचलून बांधावरून पळत सुटले, त्यांचा खाडा पडणार होता. बाकीचे एकेक करून निघून गेले, मयताहून परतल्यासारखे.

शालूबाईनं पाटी डोक्यावर घेतली. "नारळ फोडा की आबा. उसाच्या फुडं फोडा. त्यो तेवढा वाचला."

नाथाजीआबा बाकावर बसले. अंजनानं ताट खाली ठेवलं.

"माळावरचं स्टेशन बांधानं किती लांब पडतंय?" तिनं विचारलं.

"चार मैल. आणि चालत धाडणार न्हाई, म्हटलंय मी."

"गाडी दारातनं जाती तवर शीक, असं म्हटलं व्हतं तुमी. दारातनं गाडी तुमीच घालवली, आबा. मला इचारलं न्हाई."

ती फार हळू बोलली. मी दगडाचा आहे, तरी मला ते लागलं. कारण तिला मीही विचारलं नव्हतं. रोज येणारं माणूस ते, पण खुंट्या हलल्या तेव्हा तिचं काय होईल, असं गावात एकालाही वाटलं नाही.

म्हातारपण. ते दोन दिवसांत आलं. आकाराम येऊन घंटा काढून घेऊन गेला. जाताना त्यानं खिडकीची कडी लावली आणि पुन्हा एकदा लागली का ते बघितलं. नावाची पाटी बैलगाडीत उताणी पडून गेली. सात पंचवीसला मी सवयीनं बांधाकडे बघायचो. अंजना येत नव्हती. शाळा सुटल्यातच जमा होती.

चौथ्या दिवशी पहाटे उसात आवाज झाला. मला रानडुक्कर वाटलं. मग कडेचे तुरे हलले आणि आडवे झाले. मग त्यामागचे. तोड यायला अजून महिना होता, ऊस कच्चा होता, तरी कुणीतरी तो पाडत सरळ माळाच्या दिशेनं चाललं होतं.

उजाडल्यावर दिसलं. नाथाजीआबा होते. फेटा नव्हता, हातात कोयता होता, पात्यांनी कापून हात रक्ताळले होते. ज्या उसासाठी त्यांनी साहेबांना काकवी खाऊ घातली, तोच ऊस ते मधोमध चिरत होते. बांधानं सगळ्या मळ्यांना वळसा घालून चार मैल होतं. ऊस ओलांडून सरळ माळानं गेलं तर दीड.

दुपारी धोंडुबाई, त्यांची बायको, भाकरी घेऊन आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "येड लागलं का वं तुमास्नी? उभं पीक."

"वाट सोड," ते म्हणाले. "पोरीला उद्याची गाडी गाठायचीय."

दुसऱ्या दिवशी ती आली. पुढे आबा, मागे दप्तर घेऊन अंजना. दोघं माझ्या फलाटावरून उतरली आणि उसात शिरली. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगतो.

मित्रांनो, आता माझे रूळ उपटून नेले आहेत. पत्रेही जातील. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण ती पाऊलवाट माझ्या फलाटापासून सुरू होते आणि माळावर जाते. पावसाळ्यात तिच्यावर गवत माजतं. तुम्ही इकडून जाल तेव्हा वळसा घालू नका. त्या वाटेनं चाला.